तुलना करायचीच, तर

पुरुषावर अन्याय जास्त होतो की बाईवर, हा विषय महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांत आजही हमखास ठेवला जातो. लग्नाच्या मांडवात, एसटीच्या लांबच्या प्रवासात, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तो कुणी न बोलावता येतो. एक जण जळालेल्या सुनेची गोष्ट सांगतो, दुसरा पोटगीच्या खटल्यात कंगाल झालेल्या मेहुण्याची. मग कुणी सीमेवरच्या जवानाचे नाव घेते, कुणी बाळंतपणाचे. आपल्या माणसाचे दुःख समोरच्याच्या दुःखावर उत्तर म्हणून टाकले जाते, आणि तासाभराने दोघेही आधी होते तिथेच असतात, फक्त जास्त चिडलेले. यातले एकही दुःख खोटे नसते. म्हणूनच हा वाद मला कधी हसण्यावारी नेता आलेला नाही.

पुष्कळ समंजस माणसे म्हणतात, तुलनाच नको. सोसणारा माणूस आहे एवढे पुरे. मला हे पटत नाही. घरात पैसा कमी पडला की मुलाची शाळा सुटते की मुलीची, सातबाऱ्यावर नाव कुणाचे लागते, आजारी पडल्यावर दवाखान्यात आधी कुणाला नेतात, या सगळ्यांत तुलना रोज होतेच. ती करणारे मात्र तिला तुलना म्हणत नाहीत, रीत म्हणतात. गप्प बसून केलेली तुलना नेहमी बळकटाच्या बाजूने जाते. तेव्हा ती उघडपणे, पुराव्यानिशी करावी, असे मानणाऱ्यांसाठी हा संग्रह आहे.

मराठीला ही गोष्ट नवी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध छापला, तो याच वादातून. आदल्या वर्षी सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, विवाहाबाहेर झालेले नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. पुढे अपिलात ती सौम्य झाली. त्या खटल्याचे निमित्त करून वर्तमानपत्रांत बायकांच्या चालचलणुकीवर जे लिहिले जात होते, ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजाचे, त्यामुळे घरात वाचायला मिळत होते. निबंधाच्या पाचशे प्रती पुण्यात छापल्या गेल्या. टीका एवढी झाली की जोतीराव फुल्यांना १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचे काहीच लेखन आपल्यापर्यंत आलेले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये निबंध पुन्हा छापला, तोवर जवळजवळ शतकभर मराठी वाचक त्याच्याविना राहिले.

त्या निबंधाचा राग आजही वाचणाऱ्याला जाणवतो, पण मला त्याची रीत अधिक मोलाची वाटते. ताराबाईंनी कुणाचे अश्रू जास्त हे पाहिले नाही. एकच कृत्य घेतले आणि ते बाईने केले तर काय होते, पुरुषाने केले तर काय होते, हे शेजारी शेजारी ठेवले. बायको मेलेल्याने लगेच दुसरी करावी आणि नवरा मेलेलीने जन्मभर कोपऱ्यात बसावे, हा नियम घालून कुणी दिला आणि त्याचा फायदा कुणाला, असे त्यांनी विचारले. सुरतेच्या खटल्यात मूल मेले, बाई पिंजऱ्यात उभी राहिली. त्या मुलाचा बाप कुठेच नव्हता. फुल्यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशाच विधवांसाठी, आणि तिथल्याच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तिथेही बाळंतपणाला येणारी एकटीच येत होती.

एक प्रसंग घ्यायचा आणि त्यातून दोघांच्याही मागे जायचे, ही ताराबाईंची रीत आज लावून पाहिली तर वाद कसा बदलतो, ते या प्रस्तावनेत दाखवायचे आहे.

शेतकऱ्याची आत्महत्या घेऊ. विदर्भ-मराठवाड्यात ही बातमी आता वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाते, याची मला लाज वाटते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात पुरुष १,२२,७२४ आणि स्त्रिया ४८,१७२. म्हणजे दर दहांत सात पुरुष. शेती कसणाऱ्या ५,२०७ जणांत ४,९९९ पुरुष होते. पुरुषांचे हाल कमी, असे म्हणणाऱ्याने हा आकडा आधी नीट पाहावा. कर्ज त्याच्या नावावर, सोसायटीची नोटीस त्याला, पोरीचे लग्न त्याने करायचे, पीक बुडाले तर गावात मान खाली त्याची. कर्जाचा खरा आकडा तो बायकोला सांगत नाही, कारण कर्त्या पुरुषाने रडगाणे गायचे नसते. अनेक घरांत तो आकडा तिला कळतो तो त्याच्या तेराव्यानंतर, दारात आलेल्या माणसाकडून.

आता त्याच दारातून तिच्या मागे जाऊ. शेती कसणाऱ्या स्त्रियांच्या आत्महत्या याच अहवालात २०८ आहेत. मग शेतातली बाई सुखी आहे का? त्याच अहवालात ‘गृहिणी’ या रकान्यात २५,३०९ मृत्यू आहेत, आत्महत्या केलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक. यांतल्या कितीजणी सकाळी निंदायला आणि दुपारी वेचायला जात होत्या, याचा त्या रकान्यात पत्ता नाही. शेतकरी कोण, हे कागदावरून ठरते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटीच्या खात्यांपैकी सुमारे १४ टक्केच स्त्रियांच्या नावे होती. नाव सातबाऱ्यावर नसेल तर बाई आयुष्यभर शेतात राबून गृहिणी म्हणून मरते. तिचे मरण शेतीच्या संकटात धरलेच जात नाही.

आणि नवरा गेल्यावर मागे राहिली तर? महाराष्ट्रात अशा कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देते, पण आधी मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरते. जमीन घरातल्या कुणाच्या नावे होती का, कर्ज बँकेचे होते की सावकाराचे, याची कागदपत्रे तिने आणायची. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे चकरा तिनेच मारायच्या, आणि दिराने हरकत घेतली की फेरफार अडलाच. त्या आधी बांगड्या फोडून, कुंकू पुसून, जोडवी काढून तिला विधवा करायचा कार्यक्रम झालेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितले. ताराबाईंच्या निबंधानंतर एकशे चाळीस वर्षांनी हा ठराव करावा लागला.

एकाच घरात दोघांचे काय झाले, ते आता समोर आहे. ‘घर पुरुषाने चालवायचे’ या नियमाने त्याचा जीव घेतला, आणि त्याच नियमाने तिच्या हाताला काही लागू दिले नाही. इथे कुणी विचारले की जास्त कोणाचे गेले, तर मी म्हणेन, जीव त्याचा गेला, यापेक्षा मोठे काही नाही. पण तो नियम बदलायची थोडीबहुत ताकद जिवंतपणी त्याच्याकडे होती, तिच्याकडे नव्हती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन घेतले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. तलाठ्याकडे जाऊन सही करता येत होती, कारण करायला त्यांच्याकडे जमीन होती.

ऊसतोडीत हा नियम आणखी उघडा पडतो. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा माणूस अर्धा कोयता. तो ऊस तोडतो, ती पाला काढून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. रात्री-अपरात्री ट्रॅक्टर आला की दोघांनी भरायचा. हिशेब टनावर होतो आणि एकाच नावाने होतो. खाडा झाला, म्हणजे एक दिवस पडला, की दंड कापला जातो. पाळी असो, गर्भ असो, ताप असो.

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, हे राज्य सरकारने २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी काढलेली’ आढळली. सहांतली एक. बऱ्याचजणी ऐन तारुण्यातल्या होत्या. पांढरे जाते, पोट दुखते म्हणून गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतले गेले. तिनेही हो म्हटले, कारण खाडा परवडत नव्हता. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल, आणि ती फेडायला पुन्हा फड.

या फडात पुरुष सुखात असतो, असे मात्र कुणी समजू नये. उचल फिटली नाही म्हणून मार खाणारा, डांबून ठेवला जाणारा तोच असतो. पुरा कोयता हवा म्हणून मुलीचे लग्न लवकर होते, तसे मुलाचेही होते; मिसरूड फुटण्याआधी तो कर्जदार नवरा होतो. पण त्याच्या घामाला निदान त्याचे नाव आहे. तिचा अर्धा कोयता त्याच्या पुऱ्यात गडप होतो, आणि फडावरून परतल्यावर चूल तिचीच असते. आठ वाजता हात-पाय धुऊन तो बसू शकतो. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेल्याचे दिसते, तर घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांची ८८.

याच बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. गर्भलिंग निवडीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच राज्यातला हा आकडा. ही निवड त्याआधीपासून चालत आली आहे, आणि त्या काळात जन्मलेले मुलगे आता लग्नाचे झाले. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेल्या तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, तेव्हा लोकांनी व्हिडिओ फिरवून करमणूक करून घेतली. मला तो मोर्चा महत्त्वाचा वाटतो. गर्भलिंग निवडीचा कायदा नीट राबवा, अशी मागणी ते करत होते. पोटातल्या मुलींची गोष्ट तिशी उलटलेल्या मुलाच्या तोंडून ऐकायला मिळाली, हे या वादात फार क्वचित घडते. अडलेल्या अशा घरांकडून पैसे घेऊन खोटी लग्ने लावून देणारे दलाल गावोगाव फिरतात, आणि त्या व्यवहारात पुरुष नागवला जातो तशी मुलगीही विकली जाते.

एका बाबतीत मात्र पुरुषांवर झालेला अन्याय आपण विसरलो आणि त्याची किंमत बायकांनी दिली, असे माझे मत आहे. आणीबाणीत, १९७६-७७ च्या एका वर्षात, देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. शिक्षकांचे पगार, परवाने, रेशन यांना लक्ष्यांक जोडले गेले, आणि गरीब पुरुषाला धरून नेऊन शस्त्रक्रिया झाली. त्याचा राग १९७७ च्या निवडणुकीत निघाला. पुढे कोणत्याच सरकारने पुरुषाच्या अंगाला हात लावायचे धाडस केले नाही, आणि सगळा कार्यक्रम बाईकडे वळला, कारण ती मत बदलून सरकार पाडील अशी भीती कुणाला नव्हती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांत स्त्रीची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषाची ०.३ टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बाईची पोट उघडणारी. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढले त्याला शंभर वर्षे उलटली, तरी ‘पुरुषाला अशक्तपणा येतो’ हे वाक्य अजून घराघरांत बोलले जाते, आणि घरातली बाईच ते बहुतेक वेळा बोलते.

पुरुष आणि बाई एवढ्या दोनच रकान्यांत मोजताना जात निसटते, हेही सांगितले पाहिजे. गटारात उतरून गुदमरून मरणारे जवळजवळ सगळे पुरुष असतात, आणि त्यांतले बहुतेक दलित असतात. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे; तरी ती माणसे उतरतात. एखाद्या सुखवस्तू, सवर्ण स्त्रीपेक्षा या माणसाचे आयुष्य सोपे आहे, असे कुणीच म्हणू शकत नाही. पण तुलना करायची तर त्याच वस्तीतल्या बाईशी करावी. तो गेल्यावर भरपाईसाठी पालिकेच्या पायऱ्या ती झिजवते, आणि उद्या झाडू घेऊन तीच बाहेर पडते.

राहिला कायदा, ज्यावर हा वाद सर्वांत जास्त पेटतो. सासरच्या छळाविरुद्धचे ४९८ अ हे कलम १९८३ मध्ये आले ते हुंड्यासाठी मारल्या जाणाऱ्या सुनांमुळे. त्याखाली सरसकट अटक होऊ लागली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार खटल्यात पोलिसांना आवर घातला. खोट्या तक्रारीत अडकलेल्या नवऱ्याचे आणि त्याच्या म्हाताऱ्या आईचे हाल खरे आहेत, आणि स्त्रीचळवळीने ते मान्य करायला वेळ लावला. मात्र शिक्षा झाली नाही म्हणजे तक्रार खोटी, हा हिशेब चुकीचा आहे. साक्षीदार घरचेच असतात, आणि तडजोड होऊन बाई पुन्हा त्याच घरात नांदायला जाते.

पुरुषाच्या दुःखाला बोलायला जागा हवी, हे महाराष्ट्रात स्त्रियांनीच आधी ओळखले. विद्या बाळ यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकातून पुरुषांनाही या चर्चेत ओढले, आणि नारी समता मंचाने पुरुष संवाद केंद्र चालवले. मुंबईत १९९३ मध्ये ‘मावा’ ही संस्था उभी राहिली ती बायकांवरच्या हिंसेविरुद्ध पुरुषांनीच काम करावे म्हणून. या मंडळींशी बोलू लागलेल्या मुलांनी काय काय सांगितले असेल, याचा अंदाज केंद्र सरकारच्या २००७ च्या बालअत्याचार अभ्यासावरून करता येतो. लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने या मुलग्यांना मुलींइतकेच संरक्षण दिले, आणि ते योग्यच झाले. पण मुलगा अठरा वर्षांचा झाला की हे संरक्षण संपते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात जुन्या दंड संहितेतले ३७७ कलम पूर्णपणे गेले. सज्ञानांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरचा त्यातला गुन्हा २०१८ मध्येच न्यायालयाने काढून टाकला होता, पण सज्ञान पुरुषावर जबरदस्ती झाली तर जे एकमेव कलम उरले होते, तेही याबरोबर गेले. बलात्काराच्या व्याख्येत बळी फक्त स्त्री आहे. आणि त्याच व्याख्येत, अठरा वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्कार नाही, ही जुनी सूटही कायम आहे. एकाच कायद्याने पुरुषाला सांगितले की तुझ्यावर असे काही होऊच शकत नाही, आणि बायकोला सांगितले की तुझ्यावर होते ते काही नाही. या दोन्ही जागा भरून काढण्याची मागणी स्त्री-संघटना आणि पुरुष-संघटना आज वेगवेगळ्या निवेदनांत, बहुतेक वेळा एकमेकींच्या विरोधात करतात. ती एकाच कागदावर, दोघांच्या सह्यांनी गेली पाहिजे. अशी सही करायला कोण तयार आहे आणि कोण का कचरते, याची चर्चा पुढच्या लेखांत आहे.